बरगे आधी की नमुने आधी? बंधाऱ्यात मेलेल्या माशांचं एक प्रकरण

हे प्रकरण कृष्णा खोऱ्यातल्या एका गावाचं आहे. गाव, नदी, साखर कारखाना आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. पाणी तपासायला म्हणून ग्रामपंचायतीने मला बोलावलं होतं, त्यामुळे बराचसा घटनाक्रम डोळ्यांसमोरचा आहे. उरलेला संबंधितांशी बोलून आणि बैठकांच्या इतिवृत्तांवरून लिहिला आहे. नदीकाठच्या दुसऱ्या एखाद्या गावावर अशी वेळ आली तर तिथल्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि धावपळ करणाऱ्या पोरांना याचा उपयोग व्हावा, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

गावाला लागून नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या सुमारास दगडी खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, बसवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढायचे, हा दरवर्षीचा शिरस्ता. अडवलेल्या पाण्यावर दोन्ही काठांचा ऊस उभा असतो, उपसा योजना चालतात आणि गावाच्या नळयोजनेचं जॅकवेलही (पाणी उपसायची विहीर) त्याच फुगवट्यात आहे. अशा बंधाऱ्यांची रांग नदीभर असल्याने दिवाळीनंतर नदी वाहते ती फक्त धरणातून आवर्तन, म्हणजे ठरावीक मुदतीने सोडलेलं पाणी, सुटलं की. एरवी एकाखाली एक अशी लांबट डबकी उरतात.

वरच्या अंगाला तालुक्याचं शहर आहे. त्याच्या सांडपाण्याचा मोठा नाला नदीला मिळतो. शहर आणि गाव यांच्या मधोमध एक सहकारी साखर कारखाना आहे. त्याची डिस्टिलरी आणि कंपोस्ट यार्ड एका ओढ्याच्या काठावर आहेत, आणि हा ओढा गावाच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात येऊन मिळतो. गावातल्या बहुतेक शेतकरी घरांत कारखान्याचा शेअर आहे. शेअर नसलेली भोई समाजाची काही कुटुंबं आहेत. त्यांचं पोट जाळ्यावर.

नदीची ही अवस्था अपवादात्मक मुळीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले 351 नदीपट्टे प्रदूषित ठरवले, त्यातले 53 महाराष्ट्रातले होते. 2022 च्या अहवालात देशाचा आकडा 311 वर आला, महाराष्ट्राचा मात्र 55 झाला. दोन्ही वेळा आपलं राज्य यादीत सगळ्यात वर. पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त भरली की तो पट्टा या यादीत जातो. डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या पाण्याची, म्हणजे स्पेंटवॉशची (बोलताना लोक यालाही मळीच म्हणतात), बीओडी लिटरला 40 ते 50 हजार मिलिग्रॅम असते. एक लिटर अल्कोहोल काढताना असं पाणी साधारण 8 ते 15 लिटर निघतं. त्यातला एक थेंबही नदीत जाऊ नये, असा नियम आहे. ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचं किंवा प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळावर, फवारून त्याचं कंपोस्ट करायचं, असे मार्ग ठरलेले आहेत. या कारखान्यात कंपोस्ट व्हायचं.

समस्या

मार्चअखेरची गोष्ट. गाळप संपत आलं होतं, पण काही शेतकऱ्यांचा ऊस अजून रानातच होता. संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला, विजांसकट, तासभर दणकून. दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी काढायला गेलेल्या भोई मंडळींना बंधाऱ्याच्या पाण्यावर मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले. उजाडेपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची ओळ लागली. कटला, रोहू, चिलापी, वाम. पाणी तांबूस झालं होतं आणि त्याला मळीचा आंबूस वास येत होता.

सकाळी जलसुरक्षकाने, म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या माणसाने, सरपंचांना फोन केला. रात्रीचं पाणी टाकीत चढलं होतं. त्याने नेहमीच्या मापाने टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकली, पाण्यात क्लोरीन उरला का ते रंगावरून दाखवणारी ओटी टेस्ट घेतली, तर रंगच येईना. पुन्हा पावडर टाकली, तरी तेच. पाण्यात सेंद्रिय घाण एवढी होती की टाकलेला सगळा क्लोरीन तीच खाऊन टाकत होती, जंतू मारायला काही उरतच नव्हता. हे त्याला अशा शब्दांत सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "ताई, पाणी टीसीएल धरत नाही." त्या दिवसाच्या सगळ्या घडामोडींत पहिली पक्की माहिती हीच होती.

सरपंचांनी लगेच जॅकवेलचा पंप बंद करायला लावला, टाकी रिकामी करायला सांगितली आणि गावात दवंडी पिटली, व्हॉट्सअॅपवरही कळवलं. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि ते फार बरं झालं. बीओडीची तपासणी आपल्याकडे 27 अंश तापमानात तीन दिवस चालते. अहवाल हातात येईपर्यंत घराघरांतल्या हंड्यांमध्ये तेच पाणी भरलं गेलं असतं. 2012 साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ या भागातल्या लोकांच्या चांगली लक्षात आहे, त्यामुळे पंप बंद करण्याला कुणी विरोध केला नाही. उन्हाळाभर टँकर मागवावा लागेल, ही कुरकुर तेवढी झाली.

मासे कशाने मेले?

सकाळी नऊपर्यंत बंधाऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं आणि तीन तर्क चालू होते. कुणी विष टाकलं. शहराचा नाला फुटला. कारखान्याने मळी सोडली. कारण कोणतं यावर पुढचं सगळं अवलंबून होतं: तक्रार कुणाविरुद्ध करायची, नमुने कुठून घ्यायचे, पाण्यात उतरणं सुरक्षित आहे का. त्यामुळे हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

तो सोडवला एका म्हाताऱ्या मच्छीमाराने. सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते कडेच्या लव्हाळ्यात वाकून बघत होते. मला हाक मारून म्हणाले, "हे बघा, मरळ जित्ती हाय. वीख असतं तर हीबी मेली असती." मरळ पाण्यावर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेऊ शकते. कटला-रोहूला ते जमत नाही. दुसरी खूण आकाराची. मेलेले बहुतेक मासे मोठे होते, आणि बोटभर पिल्लं अजून पृष्ठभागाशी तग धरून होती. प्राणवायू संपतो तेव्हा मोठे मासे आधी जातात. विषबाधेत असा भेद सहसा राहत नाही.

माझ्याकडे प्राणवायू तपासायच्या बाटल्या होत्या. पाण्याचा नमुना हवेचा बुडबुडा न राहू देता भरायचा आणि त्यात मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड टाकायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढरा. ओढ्याच्या तोंडाशी घेतलेल्या बाटलीत पांढरा बसला. ओढा मिळतो त्याच्या बऱ्याच वरच्या बाजूला, शहराच्या नाल्याचं पाणी आलेलं असूनही, फिकट का होईना पण तपकिरी बसला. दोन्ही बाटल्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. लोक येऊन बघून जात होते, आणि नाला फुटल्याची चर्चा हळूहळू थांबली.

मग चार-पाच पोरं ओढ्याने वर चालत गेली. कंपोस्ट यार्डाच्या खालच्या बाजूचा मातीचा बांध पावसाने खचला होता, आणि तिथून ओढ्यापर्यंत काळपट ओघळ उतरला होता. पोरांनी मोबाइलवर वेळ आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढले. यार्डात कुणी शिरलं नाही, बाहेरच्या सरकारी वाटेवरूनच फोटो घेतले. हा संयम पुढे कामी आला, कारण "आमच्या हद्दीत घुसून बांध यांनीच फोडला" असं म्हणायला जागा राहिली नाही.

पर्याय: बरगे काढायचे का?

खरा पेच इथे पडला. मेलेले मासे, नासलेलं पाणी, वास. जमलेल्या लोकांची पहिली मागणी होती, "बरगे काढा आणि घाण जाऊ द्या." कुठल्याही गावात हीच मागणी होईल. तिच्याविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं, कारण जिवंत राहिलेल्या माशांना ताजं पाणी मिळायची तीच एक वाट दिसत होती.

पण बाजू अनेक होत्या. पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंता म्हणाले की लेखी आदेशाशिवाय एकही बरगा निघणार नाही. नदीकाठचे बागायतदार म्हणाले की पुढचं आवर्तन लांब आहे, फुगवटा रिकामा झाला तर उन्हाळ्यात लावण वाळणार. खालच्या गावच्या सरपंचांचा फोन आला, "आमचं जॅकवेल चालू आहे, आम्हाला न सांगता सोडू नका." आणि चौथी बाजू बोलायला तिथे कुणी नव्हतं, ती पुराव्याची. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी निघाले होते, पण दुपारपर्यंत पोहोचणार होते. पाणी सोडलं तर ते येईपर्यंत बंधाऱ्यात बघण्यासारखं काही राहिलं नसतं.

बंधाऱ्याच्या रचनेतही एक अडचण आहे आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. बरगे खाचेत एकावर एक आडवे बसवलेले असतात, त्यामुळे काढताना वरचा आधी निघतो. म्हणजे सुरुवातीला वाहून जातं ते पृष्ठभागाचं पाणी, ज्यात थोडाफार प्राणवायू उरलेला असतो. तळाचं कुजकं पाणी आणि गाळ तिथेच राहतो. अर्धवट बरगे काढून थांबलं, तर बऱ्यापैकी पाणी गेलं आणि वाईट उरलं, असा उलटाच परिणाम होतो.

समोर चार पर्याय होते. लगेच सगळे बरगे काढायचे. काहीच न करता पाणी आपोआप सुधारायची वाट पाहायची. धरणातून पाणी मागून ते पोहोचल्यावरच बंधारा उघडायचा. किंवा आधी नमुने घ्यायचे, खालच्या गावांना सावध करायचं आणि मग मधले दोन गाळे तळापर्यंत मोकळे करायचे, जोडीला धरणाच्या पाण्याची मागणीही करायची.

दुसरा पर्याय कुणालाच मान्य नव्हता. तिसरा कागदावर सगळ्यात चांगला होता, पण धरणाचं पाणी गावापर्यंत यायला वेळ लागतो, आणि येताना ते वाटेतल्या प्रत्येक बंधाऱ्यात अडतं. पहिल्या आणि चौथ्यात खरी ओढाताण होती. तरुणांचा एक गट चेन पुली घेऊन गाळ्याजवळ जाऊन उभाही राहिला होता. त्यांना थांबवलं ते तात्यांनी. माशांच्या मरणाने ज्यांची चूल बंद पडणार होती, त्यांनीच सांगितलं, "चार तास थांबा. मेलेलं माघारी येत नाही. साहेबाला बघू द्या, नायतर उद्या म्हणतील काय झालंच न्हाई." हा युक्तिवाद माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने केला असता तर लोकांनी ऐकला असता असं मला वाटत नाही.

चौथा पर्याय ठरला.

कृती

क्षेत्र अधिकारी दुपारी आले. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा 1974 सालचा आहे. त्याच्या कलम 21 प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कोर्टात टिकायचा असेल तर तो ठरलेल्या पद्धतीनेच घ्यावा लागतो: कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस, नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या. गावाने स्वतः भरलेली बाटली माहिती म्हणून उपयोगी पडते, खटल्यात तिचं वजन तेवढं नसतं. आदल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या अशाच एका तक्रारीत गावाने बाटल्या भरून नेल्या होत्या आणि पुढे काहीच झालं नव्हतं. ती हकिकत इथल्या ग्रामसेवकांना माहीत होती, म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांना आधी बंधाऱ्यावर न आणता थेट यार्डाच्या खचलेल्या बांधापाशी नेलं. तिथून अजून पाझर चालू होता. संध्याकाळपर्यंत थांबला असता.

यार्डातला पाझर, ओढा, ओढ्याचं तोंड, त्याच्या वरची नदी आणि बंधारा असे नमुने ओळीने घेतले गेले. वरच्या नदीचा नमुना घ्यावा हा आग्रह गावाचा होता. त्याशिवाय ओढ्याचं पाणी मिळण्याआधी नदी कशी होती हे सांगता येत नाही, आणि नेमका तोच प्रश्न पुढे कारखान्याने उपस्थित केला.

तोपर्यंत तहसीलदारांनी पाटबंधारे खात्याला लेखी कळवलं होतं. खालच्या दोन गावांनी पंप बंद केल्याचा निरोप आल्यावर मधले दोन गाळे उघडले. बरगे तळापर्यंत निघायला रात्र झाली. शेवटचा बरगा वर आला तेव्हा काळा गाळ ढवळून निघाला आणि वासाने लोक मागे सरले. पण बंधाऱ्याखाली पाणी खडकावर आदळत होतं, तिथे त्यात हवा मिसळत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धारेखाली लहान मासे गोळा झालेले दिसले. धरणाचं पाणी त्यानंतर आलं. मागणी केली होती त्यापेक्षा कमी, पण आलं.

या धांदलीत मेलेल्या माशांकडे मात्र दुर्लक्ष झालं. वास सुटू लागला, कुत्री जमू लागली, म्हणून ग्रामपंचायतीने जेसीबीने खड्डा काढून मासे पुरले. तलाठ्यांनी पंचनामा केला. त्यात "मोठ्या प्रमाणावर मासे मृत" एवढंच लिहिलं गेलं. वजन नाही, जाती नाहीत, कुणाची किती जाळी होती ते नाही.

दुसरा पेच: कारखाना की डिस्टिलरी?

आठवड्याभराने ग्रामसभा झाली. पहिला ठराव आला तो कारखाना बंद करण्याचा. सभेत क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक शेतकरी उठले. "मळीचं पाणी आम्हीबी प्यालोय. पण माझा दीड एकर ऊस रानात उभा हाय, तुरे आल्यात. गाळप थांबलं तर मी तो पेटवून देऊ का?" त्यांचं म्हणणं टाळ्यांसाठी नव्हतं. गाळप आणि डिस्टिलरी एकाच आवारात असली तरी ती वेगवेगळी चालतात. रस, साखर आणि मळी गाळपात तयार होते. मळी टाक्यांत साठवून ठेवता येते, डिस्टिलरी नंतर चालवता येते. नदीत आलेलं पाणी डिस्टिलरीचं होतं.

दुसऱ्या बाजूने भोई समाजातल्या एका तरुण बाईंनी विचारलं की ज्यांचा शेअर आहे त्यांचाच विचार होणार का? प्रश्न रास्त होता आणि सभेने त्याला धड उत्तर दिलं नाही, हे इथे नोंदवायला हवं.

ठराव शेवटी असा झाला: डिस्टिलरी तात्काळ बंद करावी, उभा ऊस संपेपर्यंत गाळप चालू द्यावं, कंपोस्ट यार्ड ओढ्यापासून हलवावं आणि मच्छीमारांना भरपाई द्यावी. मागणी नेमकी असल्याचा फायदा झाला. कारखाना बंद करा म्हटलं असतं तर संचालक मंडळाने सभासदांना गावाविरुद्ध उभं केलं असतं आणि विषय उसाच्या राजकारणात हरवला असता. डिस्टिलरीपुरतीच मागणी केल्यावर सभासद शेतकरीच संचालकांना जाब विचारू लागले.

कारखान्याची बाजूही इथे मांडायला हवी. त्यांचं म्हणणं असं की अवकाळी पाऊस ही नैसर्गिक आपत्ती होती आणि शहराच्या नाल्यामुळे नदी आधीच मरणपंथाला लागली होती. पहिला मुद्दा मला पटत नाही. वळीव आपल्याकडे दर उन्हाळ्यात होतो. उघड्या यार्डाभोवती पावसाचं पाणी वळवायला चर आणि साठवायला पक्का खड्डा असायलाच हवा होता. दुसरा मुद्दा बऱ्याच अंशी खरा होता. वरच्या नमुन्यातही प्राणवायू कमीच होता. माशांना नीट जगायला लिटरला किमान 4 मिलिग्रॅम लागतो, आणि नदी ओढ्यापर्यंत पोहोचतानाच त्याच्या खाली गेलेली होती. मळीचं पाणी आलं ते अशा थकलेल्या नदीत.

निकाल

प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारणे दाखवा नोटीस काढली आणि नंतर त्याच जल प्रदूषण कायद्याच्या कलम 33 अ खाली डिस्टिलरी बंद करण्याचे निर्देश दिले. गाळप चालू राहिलं आणि उभा ऊस गेला. यार्ड हलवणं, अस्तर घातलेला साठवण तलाव आणि पावसाच्या पाण्याचे चर या अटींवर, बँक हमी घेऊन, डिस्टिलरीला पुढच्या हंगामाच्या तोंडावर पुन्हा परवानगी मिळाली. कामं झाली. मी जाऊन पाहिली आहेत. यार्ड आता ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर आहे.

गावाचं जॅकवेल पाऊस येईपर्यंत बंदच होतं. टँकर आणि दोन जुन्या बोअरवर उन्हाळा काढला. पावसाळ्यात नदी वाहती झाली, मासे आले.

भरपाई मिळाली नाही. किती मासे मेले, कुणाचं किती नुकसान झालं, हे सांगणारा एकही कागद नव्हता. मत्स्यव्यवसाय विभागाने आकडे विचारले, कारखान्याने आकडे विचारले, आणि पंचनाम्यात "मोठ्या प्रमाणावर" या दोन शब्दांपलीकडे काही नव्हतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि तिथे नुकसानभरपाई मागता येते, हे कुटुंबांना सांगितलं. पण पुण्याला खेटे घालणं आणि वकील लावणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि ग्रामपंचायतीने तो खर्च उचलला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मासे मेले नाहीत. पाणी मात्र चांगलं नव्हतं. शहराचा नाला तसाच येत होता, बंधाऱ्यात केंदाळ (जलपर्णी) पसरलं होतं. देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं प्रत्यक्षात 20,236 दशलक्ष लिटरच शुद्ध होतं, असं केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या अहवालात आहे. या शहराचं शुद्धीकरण केंद्रही मंजुरी, निविदा, जागेचा वाद अशा फेऱ्यांत अडकलेलं होतं. मळी सोडणारा कारखाना एका ठिकाणी सापडतो, त्याच्या दारात जाऊन बोट दाखवता येतं. नाल्यामागे हजारो घरं असतात आणि एक नगरपरिषद असते. तिच्यावर कलम 33 अ वापरून शहराचे संडास बंद करता येत नाहीत. म्हणून नाल्याविरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षं तशाच राहतात. नदीचं रोजचं नुकसान मात्र नाल्यानेच जास्त होतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

वेगळं काय करता आलं असतं?

सगळ्यात मोठी उणीव पंचनाम्याची. पुरण्याआधी एक ताडपत्री, एक वजनकाटा आणि तासभर वेळ पुरला असता. जातीप्रमाणे ढीग, प्रत्येक ढिगाचं वजन, फोटो, मच्छीमार संस्थेच्या दोन सभासदांच्या सह्या, आणि चार-सहा मासे बर्फात घालून मत्स्यव्यवसाय विभागाकडे. हे काम नमुने घेण्याच्या गडबडीत कुणावरच सोपवलं नव्हतं. बंधाऱ्यावर जमलेल्या शंभरभर लोकांत ते करू शकणारी माणसं नक्की होती. ज्यांनी चार तास थांबून पुरावा वाचवला, त्यांच्याच नुकसानीचा पुरावा जेसीबीखाली गेला. याचा मला आजही त्रास होतो.

दुसरी गोष्ट आधीच्या नोंदींची. नदीत एरवी किती प्राणवायू असतो, याची गावाकडे एकही नोंद नव्हती. म्हणून कारखान्याच्या "नदी आधीच खराब होती" या दाव्यावर त्या दिवशीच्या एका नमुन्यापलीकडे काही दाखवता आलं नाही. आता जवळच्या कॉलेजची मुलं ऑक्टोबर ते जून दर पंधरवड्याला, सूर्योदयाच्या सुमारास, तीन ठिकाणी प्राणवायू तपासतात आणि वहीत लिहितात. वेळ महत्त्वाची आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि रात्री ते स्वतःच वापरतं, त्यामुळे दुपारी घेतलेला आकडा फसवा चांगला येतो. पहाटेचा आकडा खरी स्थिती सांगतो.

तिसरी गोष्ट यार्डाच्या जागेची, आणि ती गावाच्या हातात नव्हती. नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण राज्यात 2000 सालापासून होतं. ते 2015 मध्ये रद्द झालं. या यार्डाचं बांधकाम आधीचं की नंतरचं हा वाद वेगळा. पण ओढ्याच्या काठावर उघडं यार्ड उभं राहत असताना ग्रामपंचायतीकडून ना हरकत दाखला गेलेला होता, आणि त्या सभेच्या इतिवृत्तात ओढ्याचा उल्लेखसुद्धा नाही. दाखला देताना नकाशावर ओढा दाखवायला लावणं एवढं तरी गावाला करता आलं असतं.

आणि बरगे. त्या दिवशी आदेश कुणाचा, किती गाळे, खालच्या गावांना कोण कळवणार, हे सगळं उभ्या उभ्या ठरवावं लागलं. त्यात सकाळ गेली. त्यानंतर ग्रामपंचायतीने पाटबंधारे उपविभागाकडे लेखी मागणी केली आहे की प्रत्येक बंधाऱ्यासाठी आपत्कालीन बरगे काढण्याची पद्धत ठरवावी. मधले दोन गाळे कायम चेन पुलीसह तयार ठेवावेत, ते तळापर्यंत उघडावेत, वरखालच्या पाच गावांचे जलसुरक्षक आणि सरपंच एका फोन यादीत असावेत, आणि उन्हाळ्यात आवर्तन सोडताना पिण्याचं आणि शेतीचं पाणी धरून त्याशिवाय नदी वाहती राहील एवढं पाणी वेगळं मोजावं. फोन यादी गावांनी आपसांत करून टाकली, तिला कुणाची परवानगी लागली नाही. चेन पुली एक आली आहे. पाण्याच्या मागणीवर उपविभागाचं उत्तर अजून आलेलं नाही. दरवर्षी कालवा सल्लागार समितीची, म्हणजे आवर्तनं ठरवणाऱ्या समितीची, बैठक जवळ आली की सरपंच तेच पत्र नव्या तारखेने पुन्हा देतात.